कॉन्टेसा आणि ११८ एनई : दिल्लीसाठी जुन्या, 'विंटेज'साठी कोवळ्या

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर देशभर ओळखले जाते ते तेथील स्वस्त कपड्यांच्या बाजारपेठेमुळे. मात्र मुळात ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. पूर्वी तिचे नाव विनय नगर असे होते. बैठी आणि दुमजली निवासस्थाने, पुढे अंगण, अंगणाला लागून रस्ता अशी तिची जुनी रचना होती. या रस्त्यांवर कोणती वाहने उभी असत, हे सांगण्यासाठी फार तपशिलात जाण्याची गरज नाही. स्कूटर, क्वचित एखादी फियाट आणि साहेबांना न्यायला आलेली पांढरी ॲम्बॅसडर. शेजारच्या चाणक्यपुरीत परदेशी वकिलातींच्या मोटारी दिसत. वकिलातींनी विकायला काढलेली परदेशी मोटार सर्वसामान्य भारतीयाला घ्यायची झाल्यास ती राज्य व्यापार महामंडळामार्फतच मिळू शके. जग्वार किंवा पोर्शे ही पाहण्याची वस्तू होती, घेण्याची नव्हे.

अशा देशात 'स्पोर्ट्स कार'ची हौस कोणी आणि कशी भागवली, या प्रश्नाचे उत्तर ऐंशीच्या दशकात आलेल्या दोन गाड्यांमध्ये सापडते. हिंदुस्थान मोटर्सची 'कॉन्टेसा' आणि मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची '११८ एनई'. काटेकोर अर्थाने या दोन्ही स्पोर्ट्स कार नव्हत्या. दोन्ही चार दरवाजांच्या, कुटुंबासाठी बांधलेल्या गाड्या होत्या. तरीही दोघींच्या वंशावळीत शर्यतीचे रक्त आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन आज 'भारताची मसल कार' म्हणून कॉन्टेसाचा उल्लेख करतात, त्याला हेच कारण आहे. दिल्लीत आता या दोन्ही गाड्यांपुढे वेगळाच पेच उभा राहिला आहे. शहराच्या नियमांनुसार त्यांचे आयुष्य केव्हाच संपले आहे आणि वारसा म्हणून मान्यता मिळण्याइतके त्यांचे वय अद्याप झालेले नाही.

मारुतीने हलवलेला बाजार

१९८० पर्यंत भारतीय ग्राहकापुढे प्रत्यक्षात दोनच मोठे पर्याय होते. १९५० च्या दशकातील मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली ॲम्बॅसडर आणि फियाट ११०० वर आधारलेली, १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने विकली जाणारी प्रीमियर. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीचा वाटा त्या मानाने लहान होता. किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरत असे. गाडी आज नोंदवायची आणि काही वर्षांनी घरी आणायची, हा शिरस्ताच होता. ज्या बाजारात रांग कारखान्याच्या दारात लागते, तेथे नवे मॉडेल काढण्याची निकड उत्पादकाला भासत नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र पालटले. जपानी बनावटीची, हलकी आणि पेट्रोलची बचत करणारी ही गाडी पाहून जुन्या कंपन्यांच्या लक्षात आले की खालच्या किमतीत तिच्याशी सामना करणे कठीण आहे. त्यांनी वरच्या वर्गाकडे मोर्चा वळवला. नवी गाडी मुळापासून विकसित करण्याइतका पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. तेव्हा युरोपात उत्पादन थांबलेल्या गाड्यांचे साचे आणि यंत्रसामग्री विकत घ्यावी, हा सोपा मार्ग निवडण्यात आला. स्टँडर्डने ब्रिटनच्या रोव्हर एसडी-१ या देखण्या गाडीची निवड केली. मूळच्या गाडीत साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन मिळत असे. मद्रासमध्ये मात्र त्या बॉनेटखाली दोन लिटरचे जुनाट इंजिन बसवण्यात आले. 'स्टँडर्ड २०००' काही वर्षांतच बंद पडली आणि तिच्यासोबत कंपनीचा मोटारनिर्मितीचा अध्यायही संपला. उरल्या दोन.

उत्तरपाड्याची व्हॉक्सहॉल

कॉन्टेसाचे मूळ ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर या गाडीत आहे. या व्हिक्टरची शेवटची, 'एफई' नावाची पिढी १९७२ मध्ये आली. पुढे किरकोळ बदल करून ती 'व्हीएक्स' या नावाने विकली गेली आणि १९७८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले आणि १९८४ मध्ये पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथून कॉन्टेसा बाहेर पडली. लांबी साडेचार मीटरहून अधिक, पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २६६७ मिलिमीटर, रुंद बसकी चेहरेपट्टी आणि मागच्या चाकांवर किंचित उचलत जाणारी बाजूची रेषा. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत ज्या धाटणीच्या गाड्या लोकप्रिय होत्या, तिची ही सौम्य ब्रिटिश आवृत्ती होती, कारण व्हॉक्सहॉलची मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे होती. ॲम्बॅसडरच्या गोलाईला सरावलेल्या भारतीय डोळ्यांना ती एकदम वेगळी वाटली, यात नवल नाही.

या घराण्याची शर्यतीतील कामगिरीही लक्षणीय आहे. १९७४ मध्ये व्हॉक्सहॉलच्या विक्रेत्यांच्या संघाने याच एफई पिढीतील व्हेंटोरा या गाडीच्या आकारात पाच लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून एक शर्यतीची गाडी तयार केली. ती 'बिग बर्था' या नावाने ओळखली गेली. जेरी मार्शल हा तिचा चालक. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनच्या मार्गावर तिला अपघात झाला आणि ती मोडली. तिचे इंजिन आणि इतर भाग वापरून 'बेबी बर्था' ही लहान गाडी बांधण्यात आली आणि तिने १९७५ व १९७६ मध्ये ब्रिटनमधील सुपर सलून शर्यती गाजवल्या. कॉन्टेसाच्या चाहत्यांनी भिंतीवर लावावे असे छायाचित्र कोणते, तर ते बिग बर्थाचे.

उत्तरपाड्याच्या गाडीत मात्र व्ही-८ नव्हते. सुरुवातीच्या कॉन्टेसात ॲम्बॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. भरजरी शालूवर गोणपाटाची ओढणी घ्यावी, तसा हा प्रकार होता. येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे हेच 'बी-सिरीज' इंजिन १९५५ च्या एमजीए या अस्सल स्पोर्ट्स कारमध्येही वापरले गेले होते. तेथे दोन कार्ब्युरेटर आणि हलकी दोन आसनी बॉडी यांच्या साथीने ते खुलले. लांबरुंद कॉन्टेसात त्याचा दम लागत असे. म्हणजे इंजिन स्पोर्ट्स कारचे, अंगकाठी मसल कारची, पण चाल मात्र ॲम्बॅसडरची.

ही उणीव ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भरून निघाली. जपानच्या इसुझू कंपनीचे १८१७ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स घेऊन 'कॉन्टेसा क्लासिक' आली. शक्ती पन्नासवरून नव्वदच्या घरात गेली. मागच्या चाकांना मिळणारी ही शक्ती, मोकळा रस्ता आणि लांब बॉनेट यांचा मेळ जमला आणि कॉन्टेसाची आज जी ख्याती आहे ती खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली. उद्योगपती आणि राजकारणी यांच्या ताफ्यात ती दिसू लागली. हिंदी चित्रपटांतील खलनायकांनाही ती आवडली. पुढे इसुझूचेच दोन लिटरचे डिझेल इंजिनही तिच्यात आले.

कुर्ल्याची फियाट

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कहाणी मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. प्रथम क्रायस्लरच्या डॉज आणि डिसोटो, पन्नाशीच्या दशकापासून फियाट. पुढे अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे प्रीमियर हे समीकरणच झाले. दिल्लीतही फियाट अपरिचित नव्हती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजार रुपयांचे कर्ज काढून घेतलेली फियाट मोतीलाल नेहरू मार्गावरील त्यांच्या स्मारकात जपून ठेवण्यात आली आहे.

१९८५ मध्ये आलेली ११८ एनई ही मूळची फियाट १२४. इटलीत १९६६ मध्ये सादर झालेल्या या गाडीला १९६७ चा 'युरोपातील वर्षाची सर्वोत्तम मोटार' हा सन्मान मिळाला होता. दिसायला ती चौकोनी डब्यासारखी होती. परंतु वजन कमी, मागच्या चाकांना स्प्रिंगांचा आधार आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, ही त्या काळी साध्या कौटुंबिक गाडीत सहसा न मिळणारी वैशिष्ट्ये तिच्यात होती. सोव्हिएत संघाने तिचेच रूपांतर करून लाडा काढली आणि त्या घराण्यातील गाड्या रशियात २०१२ पर्यंत बनत राहिल्या. स्पेनच्या सेआट कंपनीनेही १२४ बनवली. १९७५ मध्ये सेआटने प्रख्यात रचनाकार जॉर्जेटो जुजारो यांच्याकडून तिचा चेहरा बदलून घेतला. आयताकृती दिव्यांचा हाच स्पॅनिश अवतार प्रीमियरकडे आला.

बिग बर्थाला तोडीस तोड असे नातेवाईक याही गाडीला आहेत. याच १२४ च्या पायावर पिनिनफरिना यांनी रेखाटलेली '१२४ स्पायडर' ही दोन दरवाजांची उघडी स्पोर्ट्स कार १९६६ मध्येच आली. तिने १९७२ मध्ये युरोपीय रॅली अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर अबार्थने तयार केलेल्या तिच्या अधिक आक्रमक आवृत्तीने सत्तरच्या दशकात जागतिक रॅलींमध्ये आपली छाप उमटवली.

इंजिनाच्या बाबतीत प्रीमियरने हिंदुस्थान मोटर्सहून शहाणपणाचा निर्णय घेतला. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे जुने इंजिन नव्या गाडीत न घालता जपानच्या निस्सानकडून 'ए-१२' हे ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन घेण्यात आले. नावातील 'एनई' ही अक्षरे निस्सान इंजिनाचीच निदर्शक मानली जातात. शक्ती ५० अश्वशक्तीच्या थोडी वर, म्हणजे सुरुवातीच्या कॉन्टेसाइतकीच. पण हे इंजिन गुळगुळीत चाले, आनंदाने वरच्या फेऱ्यांपर्यंत जाई आणि गाडीचे ओझेही कमी होते. ज्या डॅटसन १२०० या छोट्या गाडीसाठी ते १९७० मध्ये बनले, ती जपानच्या शर्यतींमध्ये वर्षानुवर्षे नाव गाजवत होती.

दोघींत सरस कोण?

कागदावर तुलना केली तर १.८ लिटरची कॉन्टेसा पुढे जाते, हे उघड आहे. शक्ती जास्त, गिअर पाच, आत जागा ऐसपैस. दिल्लीहून जयपूर किंवा आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर या गाडीचा रुबाब वेगळाच होता. मात्र मोठी चाकांतील लांबी आणि जड शरीर यांमुळे वळणावर ती झुकत असे. पेट्रोल ती किती पीत असे, हा तर तिच्या मालकांच्या घरातील कायमचा वादाचा विषय होता.

११८ एनई तिच्यापेक्षा सुमारे अर्ध्या मीटरने आखूड. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २४२० मिलिमीटर. काचा मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे चारही कोपरे चालकाला दिसत. वळणावर गाडी पाय रोवून उभी राही आणि चाकावर रस्ता जाणवे. स्पोर्ट्स कारचा अर्थ केवळ वेग असा न घेता गाडी आणि चालक यांच्यातील संवाद असा घेतला, तर प्रीमियरची गाडी सरस ठरते. घाटात ११८ एनई आणि छायाचित्रात कॉन्टेसा, असा निवाडा केल्यास फारसे कोणी हरकत घेणार नाही. दोघींचे समान दुखणे म्हणजे जुळणीतील ढिलाई. दरवाजे नीट न बसणे, गंज लवकर धरणे, विजेच्या जोडण्यांत बिघाड होणे या तक्रारी दोन्ही गाड्यांच्या मालकांना ठाऊक आहेत. मूळ आराखडा उत्तम असला तरी साचे जुने, हे दोन्ही कारखान्यांतील वास्तव होते.

बाजाराने मात्र दोघींनाही फार काळ दिला नाही. १९९० मध्ये मारुती १००० आली. १९९१ च्या उदारीकरणानंतर देवू सिएलो, ओपेल ॲस्ट्रा, होंडा सिटी अशा परदेशी गाड्यांची रांग लागली आणि सत्तरच्या दशकातील आराखड्यांना मुलामा देऊन विकण्याचे दिवस संपले. प्रीमियरची ११८ एनई बंद पडली. कॉन्टेसा २००२ मध्ये बंद झाली. तिचे मूळ भावंड असलेली ॲम्बॅसडर २०१४ पर्यंत तग धरून राहिली. मुंबईत अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

पंधरा आणि पन्नास यांच्या मध्ये

टॅक्सी जाणे समजण्यासारखे आहे. ती रोज अनेक फेऱ्या मारते, धूर सोडते. खासगी मालकाने जपलेल्या, महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीचे काय करायचे, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि दिल्लीत तो सर्वाधिक टोकदार झाला आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना दिल्लीत मनाई केली. ७ एप्रिल २०१५ च्या आदेशाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर बंदी आली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध कायम ठेवले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर अशा वाहनांना इंधन न देण्याचा निर्णय अमलात आला. परंतु लोकांची नाराजी आणि यंत्रणेतील त्रुटी यांमुळे तो काही दिवसांतच लांबणीवर टाकण्यात आला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, तेव्हा जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो अल्पकाळच टिकला. १७ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. कॉन्टेसा आणि ११८ एनई या मानकांच्या कितीतरी आधीच्या आहेत. अगदी शेवटची पेट्रोल कॉन्टेसा घेतली तरी तिची पंधरा वर्षे २०१७ मध्येच भरतात.

दुसऱ्या बाजूला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये 'विंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ते लागू होतात. अशा वाहनास 'व्हीए' ही अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती या कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. व्यवस्था चांगली आहे. १९७४ च्या पद्मिनीला ती २०२४ पासून खुली झाली. पण १९८४ ची पहिली कॉन्टेसा या दारात पोहोचणार २०३४ मध्ये, पहिली ११८ एनई २०३५ मध्ये आणि शेवटची कॉन्टेसा थेट २०५२ मध्ये. पंधरा आणि पन्नास यांच्यामधील पस्तीस वर्षे दिल्लीतील मालकाने गाडी कशी सांभाळायची, याला या नियमांत उत्तर नाही.

गाडी न चालवता घरी ठेवावी, असे कोणी म्हणेल. मुदत संपलेली वाहने हाताळण्यासाठी दिल्ली सरकारने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांत खासगी जागेत वाहन ठेवण्याची मुभा आहे. मात्र ही जागा सामाईक असता कामा नये. जुन्या सरोजिनी नगरच्या अंगणात हे कदाचित जमले असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये ज्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली, त्यांत सरोजिनी नगरचा समावेश आहे आणि तेथील दुमजली घरांची जागा बहुमजली इमारतींनी घेण्यास सुरुवात केली. बहुमजली इमारतीत वाहनतळ हा बहुधा सर्वांचा असतो. अंगण गेले की गाडी ठेवण्याचा कायदेशीर आधारही जातो, ही बाब नगररचनेच्या चर्चेत सहसा कोणी मांडत नाही.

राहता राहिला गाडी बाहेर पाठवण्याचा मार्ग. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापलीकडे नोंदणी हलवण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर वाहनाची तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ५ हजारांवरून १० हजार रुपये केले; दिल्ली परिसर यातून वगळण्यात आला, कारण तेथे नूतनीकरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे जी ११८ एनई पुण्यात अधिकृतपणे फिरू शकते, तीच सरोजिनी नगरात उभी दिसली तर उचलून भंगारात पाठवली जाऊ शकते. दिल्लीच्या हिवाळ्यातील हवा पाहता निर्बंधांमागील कारण कोणी नाकारणार नाही. परंतु मोजक्याच संख्येने उरलेल्या या गाड्या आणि रोज धावणारी लाखो वाहने यांना एकच माप लावणे धोरणाच्या दृष्टीने ढोबळ आहे, एवढे म्हणता येईल.

जे मालक २०३४ ची वाट पाहण्याच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी नियमातील आणखी एक अट महत्त्वाची ठरेल. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले वाहन 'विंटेज' मानले जात नाही. जुन्या इंजिनाला कंटाळून अनेकांनी आपल्या कॉन्टेसात पुढे दुसरेच इंजिन बसवून घेतले. त्या काळी तो व्यवहारी निर्णय होता आणि गाडीही सुधारली. मान्यतेच्या दृष्टीने मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले ते मूळचे १४८९ घनसेंटिमीटरचे, धापा टाकणारे इंजिनच आता मोलाचे ठरणार आहे. सोबत पहिल्या नोंदणीची तारीख दाखवणारे मूळ नोंदणीपुस्तकही लागेल, कारण पन्नास वर्षांची मोजणी त्या तारखेपासून होते.